अडीचशेचा पिवळा मीटर की अडीच हजारांचा?

पत्र

काका, नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घरी तेलुगू बोलतो, पण शाळा मराठीत झाली म्हणून पत्र मराठीत. घरामागच्या शेडमध्ये यजमानांचे चार लूम आहेत, टॉवेलचे. मुलगा आठवीत आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी झाडांना आपोआप पाणी घालणारं छोटं यंत्र करायला घेतलं आणि त्याच्यापेक्षा मलाच नाद लागला. सोल्डरिंग आयर्न आलं, ब्रेडबोर्ड आला, मल्टिमीटर तेवढा नाही. नवी पेठेतल्या दुकानदाराने अडीचशेचा पिवळा मीटर पुढे केला. ऑनलाइन दोन-अडीच हजारांचे दिसतात, त्यावर ६००० काउंट, ट्रू आरएमएस असं काय काय लिहिलेलं असतं. दीर म्हणतो, ‘वदिना, घ्यायचा तर फ्लूकच घ्या, आयुष्यभर बघायला नको. शेडमधल्या स्टार्टरलाही तोच चालेल.’ भिशीचे अडीच हजार हातात आहेत. काय घेऊ?

— पूर्व भागातली एक सोल्डरवाली

उत्तर

ताई, पैशांचं नंतर बघू. आधी तुमच्या दिरांचं शेवटचं वाक्य घेतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. शेडमधल्या स्टार्टरलाही तोच चालेल म्हणे!

तुमच्या टेबलावर काय असतं? मोबाइलचा चार्जर, ९ व्होल्टचा सेल, एखादी लिथियम बॅटरी, पाण्याची इवलीशी मोटर. तिथे हात चुकला तर बहुतेक एखादा आयसी, म्हणजे चिप, जाईल. पन्नास रुपये गेले, वास आला, विषय संपला. शेडमध्ये थ्री फेज आहे, दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट. त्यामागे गल्लीतला ट्रान्स्फॉर्मर उभा आहे. तिथे शॉर्ट झालं तर तो क्षणभरात हजारो अँपिअर ओततो. हातातल्या मीटरच्या प्लास्टिकला हे झेपत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सात रस्त्याजवळ माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. एका गाडीच्या टेपचा करंट मोजला होता, म्हणजे लाल पिन १० अँपिअरच्या भोकात. तेवढ्यात चहा आला, मागोमाग गिऱ्हाईक आलं. ते गेल्यावर त्याच पिना उचलल्या आणि भिंतीवरच्या बोर्डात लाइट आहे का बघायला गेलो. मीटरची चकती मी नीट ७५० एसीवर फिरवली होती. चकती बरोबर, भोक चुकीचं. त्या भोकामागे असते एक जाड तार, तिचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य. चकती कुठेही फिरवा, ती तार तिथेच असते. म्हणजे मी बोर्डाच्या दोन भोकांत सरळ तार घातली होती. धाड्‌! पिनेचं टोक वितळून त्याचा मणी झाला, मीटरचं मागचं झाकण टेबलाखाली गेलं आणि सनमायक्यावर रुपयाएवढा काळा डाग उठला. दुकानातला फ्यूज उडाला म्हणून तेवढ्यावर भागलं. शेडमध्ये हेच झालं असतं तर हे सदर दुसरं कोणी लिहीत असतं.

म्हणून मीटर निवडताना पहिला प्रश्न असा की पिना कुठे लागणार? पिना खुपसायच्या भोकांजवळ कॅट दोन, कॅट तीन असं काहीतरी छापलेलं असतं. कॅट म्हणजे कॅटेगरी, मीटर कुठल्या जागी सुरक्षित आहे त्याचा वर्ग. प्लगला लावायच्या वस्तूंसाठी कॅट दोन. इमारतीतलं पक्कं वायरिंग, डीबी म्हणजे फ्यूज-स्विचांची मुख्य पेटी, थ्री फेजच्या मोटरी यांना कॅट तीन. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर आणि विजेच्या मीटरची पेटी, तिथे कॅट चार. पण नुसतं छापलेलं वाचून भुलू नका. अडीचशेच्या मीटरवर ‘कॅट तीन’ छापायला तेवढीच शाई लागते. खरं काय ते मागचं झाकण काढल्यावर कळतं. आत काचेचा बारका फ्यूज दिसला तर तो फार तर २५० व्होल्टचा. चांगल्या मीटरात चिनी मातीचे, जाडजूड, आत वाळू भरलेले फ्यूज असतात. मोठ्या व्होल्टेजला फ्यूजची तार वितळली तरी मधल्या जागेत ठिणगीचा पूल पेटत राहतो. वाळू तो विझवते, काच तडकते.

यावरून तुम्हाला वाटेल, दिरांचं चुकलं. चुकलं नाही, फक्त दोन जागांची सरमिसळ झाली. फ्लूक १०१ नावाचा फ्लूक कंपनीचा छोटा मीटर आहे, कॅट तीन ६०० व्होल्टचा. त्याला करंट मोजायची सोयच नाही. पिनांना भोकं दोनच, त्यामुळे माझ्यासारखी चूक करायची म्हटली तरी करता येत नाही. शेडमध्ये फेज येतो की नाही, दोन फेजांत व्होल्टेज सारखं आहे की नाही, एवढं बघायला तो झकास. पण तो तुमच्या भिशीत बसायचा नाही. आणि तुमच्या टेबलावर करंट मोजायची वेळ तर दुसऱ्याच आठवड्यात येणार. तेव्हा दिरांना सांगा, शेडसाठी तुमच्या पसंतीचा घ्या, लूमच्या खात्यातून. आपल्या नाशिकच्या ऋषभ कंपनीचेही या कामाचे मीटर मिळतात. आणि स्टार्टर उघडायचा असेल तर वायरमनला बोलवा, हे माझं मत मीटर कुठलाही असला तरी बदलत नाही.

आता तुमचं टेबल.

पिवळा मीटर वाईट नाही. खेड्यापाड्यातल्या किती पोरांनी त्याच्यावर पहिले धडे गिरवले असतील. तो २००० काउंटचा असतो, म्हणजे पडद्यावर १९९९ पर्यंतच आकडा मावतो. २ व्होल्टच्या वर गेलात की २० च्या रेंजवर यावं लागतं आणि शेवटचा आकडा गळतो. तुमचं यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या बोर्डाचा ३.३ व्होल्ट तो ३.३० दाखवेल. ६००० काउंटचा मीटर त्याच जागी ३.३०१ दाखवतो. दिसायला छान वाटतं. पण आकडे जास्त म्हणजे मीटर जास्त खरा, असं दुकानदार भासवतो, त्यात काही दम नाही. खरेपणा माहितीपत्रकात वेगळा लिहिलेला असतो. उदाहरणार्थ ‘०.५ टक्के अधिक २ डिजिट’. लिथियमचा सेल पूर्ण भरला की ४.२० व्होल्ट. अशा पिवळ्या मीटरवर ४.२० दिसले तर अर्धा टक्का म्हणजे ०.०२१ आणि शेवटच्या आकड्यातले दोन म्हणजे ०.०२. सेल प्रत्यक्षात ४.१६ वर असू शकतो किंवा ४.२४ वर. ४.१६ ला काही बिघडत नाही. ४.२४ म्हणजे सेल हवा त्यापेक्षा जास्त भरतोय आणि तुम्ही निवांत चहा पिताय. ६००० काउंटच्या मीटरवर तेच ‘०.५ टक्के अधिक ३ डिजिट’ असेल तर चूक ०.०२४ च्या आत राहते. जवळजवळ निम्मी. फायदा आहे, पण पडद्यावरच्या जादा आकड्यावरून वाटतो तेवढा नाही.

मला विचाराल तर पिवळ्याची खरी अडचण दुसरीच, आणि ती डब्यावर कुठे लिहिलेली नसते. व्होल्टेज मोजताना मीटर स्वतः सर्किटमधून थोडा करंट पितो. चांगल्या मीटरचा आतला रेझिस्टन्स १० मेगओहम असतो, तो अगदी घोटभर पितो. अडीचशेच्या बहुतेक पिवळ्यांचा १ मेगओहमच. तुमच्या यंत्रात पुढे कधीतरी उजेड ओळखायला एलडीआर येईल. अंधारात त्याचा रेझिस्टन्स सहज मेगओहमात जातो. समजा तो १ मेगओहम आहे, त्याच्या जोडीला तेवढाच दुसरा रेझिस्टर आणि वर ५ व्होल्ट. मध्यावर हवेत अडीच. १० मेगओहमचा मीटर २.३८ दाखवेल, ठीक आहे, ओळखू येतं. पिवळा दाखवेल १.६७! तुम्ही रात्री अकरापर्यंत प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसाल. चूक मीटरच्या पिना लावण्यात आहे; पिना काढल्या की सर्किट पुन्हा बरोबर. सत्तर टक्के लोक इथेच छंद सोडत असतील असं माझं आपलं एक मत.

दुसरी गोष्ट बझर. तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं. पण महिनाभरात लक्षात येईल की मीटरचं निम्मं काम म्हणजे ‘ही तार तिथपर्यंत पोचली का’ हे ऐकणं. सोल्डर नीट बसलं का, ब्रेडबोर्डाचं भोक ढिलं आहे का, शेजारचे दोन पाय एकमेकांना चिकटले का, सगळं कानाने. स्वस्त मीटरात बझर पिना टेकल्यावर दमादमाने वाजतो, काहींत तर नसतोच. हळू बझर असला की पिन पायांवरून ओढत नेता येत नाही, प्रत्येक पायाशी थांबावं लागतं. चाळीस पायांच्या आयसीवर जीव जातो.

करंट मोजायचा भाग जरा नाजूक. व्होल्टेजला पिना बाहेरून टेकवायच्या. करंटला सर्किट तोडून मीटर मध्ये घालायचा. तो मध्ये आला की थोडं व्होल्टेज स्वतःच खातो. २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर भरपूर करंट गेला तर ०.२ व्होल्ट, वर फ्यूज आणि तारांचं वेगळं. तुमचा बोर्ड वायफायवाला असेल तर वायफाय सुरू होताना तो क्षणभर दोनशे-तीनशे मिलिअँपिअर खेचतो. ३.३ मधले तेवढे व्होल्ट गेले की बोर्ड पुन्हापुन्हा रीसेट होतो आणि माणूस म्हणतो, मीटर लावला की यंत्र बिघडतं. बिघडत नाही, उपाशी राहतं. अशा वेळी १० अँपिअरची रेंज वापरा. आकडे ढोबळ येतील, पण बोर्ड चालेल. तो क्षणभराचा उसळलेला करंट मात्र कुठल्याच साध्या मीटरला दिसायचा नाही, कारण पडद्यावरचा आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो.

ट्रू आरएमएस? म्हणजे एसीची लाट कशीही असली तरी तिचा खरा आकडा दाखवणारा मीटर. तुमच्या डीसीच्या कामाला त्याची गरज नाही. साधा मीटर एसी मोजताना गृहीत धरतो की लाट गुळगुळीत साइन आहे. घरच्या जुन्या चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर तो लावला तर आकडा ११ टक्के जास्त येतो, खरे २२० असतील तर २४४ दिसतात. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर तपासायची हौस असेल तर ट्रू आरएमएस घ्या. नाहीतर त्यापायी शंभर रुपयेही जादा देऊ नका. ६००० काउंटच्या मीटरात तो बऱ्याचदा सोबत येतोच, आला तर येऊ द्या.

सोलापूरच्या दोन गोष्टी माहितीपत्रकात कोणी लिहीत नाही, त्या मी सांगतो. मीटरचा खरेपणा २३ अंशाला पाच अंश इकडे-तिकडे धरून दिलेला असतो, म्हणजे १८ ते २८. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. बऱ्याच मीटरांचा नियम असा की त्याबाहेरच्या प्रत्येक अंशाला लिहिलेल्या चुकीचा दहावा हिस्सा वाढवा. ४३ अंशाला अर्ध्या टक्क्याचे सव्वा टक्का होतात. बारीक मोजमाप असेल तर पहाटे करा किंवा घरात पंख्याखाली, शेडच्या भिंतीला लागून नको. दुसरं, सुताचे तंतू. शेडजवळ ठेवलेल्या मीटरच्या चकतीत ते शिरतात आणि वर्षभरात आकडे नाचायला लागतात. चेनची छोटी पिशवी शिवा आणि काम झालं की मीटर तिच्यात. टॉवेलाचं कापड घरचंच आहे, पण या पिशवीला ते नको, त्याचेच तंतू सुटतात.

आता खरेदी. माझं म्हणणं, अडीच हजारांत दोन मीटर घ्या. एक पंधराशे ते अठराशेच्या घरातला, ६००० काउंटचा, ऑटोरेंज म्हणजे रेंज स्वतःच निवडणारा, आतला रेझिस्टन्स १० मेगओहम, कपॅसिटर मोजणारा. युनि-टी, मास्टेक, मेको यांत बघा, दुकानागणिक भाव बदलतो. दुसरा तोच अडीचशेचा पिवळा, करंटसाठी. उरलेल्या पैशांतून मऊ सिलिकॉनच्या तारा, कारण स्वस्त मीटरसोबत येणाऱ्या तारा कडक असतात आणि सहा महिन्यांत मुळाशी तुटतात. दोन मीटर असण्याचा फायदा तुम्हाला पाण्याची मोटर लावल्यावर कळेल. एकावर करंट, दुसऱ्यावर त्याच वेळी व्होल्टेज. मोटर सुरू होताना बॅटरी कशी बसते ते डोळ्यांनी दिसतं.

आणि दोन मीटर असले की एकाचं खोटं पकडता येतं. माझ्याकडे एकदा पाच व्होल्टचा सप्लाय ५.६ दाखवत होता. रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, बदलला, तरी ५.६. पुन्हा बदलला. शेवटी शेजारच्या दुकानातून मीटर आणला तर त्यावर ५.०१. माझ्या मीटरचा सेल उतरला होता. ९ व्होल्टच्या सेलवर चालणारे स्वस्त मीटर सेल उतरला की बंद पडण्याआधी आकडे फुगवून सांगतात. दोन रेग्युलेटर मी उगाच फेकले.

दुकानात जाताना पर्समध्ये तीन गोष्टी घेऊन जा. एक नवा सेल, एक टक्क्याचा एक हजार ओहमचा रेझिस्टर, आणि एक साधा डायोड. दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. ०.२-०.३ ओहम दिसलं तर ते तारांचं, चालेल. आकडा स्थिर राहत नसेल तर चकती किंवा पिना ढिल्या. रेझिस्टर ९९० ते १०१० च्या आसपास दाखवायला हवा. डायोड एका बाजूने ०.६ च्या जवळ, उलट्या बाजूने काहीच नाही. मग एक पिन दुसरीवर खरवडत न्या आणि बझर अडखळतो का ऐका. पाच मिनिटं लागतील. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या. पावती आणि बदलून देण्याची मुदत मात्र कागदावर घ्या.

जुने आयटीआयवाले अजून मीटरला ‘अ‍ॅव्होमीटर’ म्हणतात. तुमच्या कानावर पडेल म्हणून सांगतो, १९२३ साली इंग्लंडच्या टपाल खात्यातला डोनाल्ड मॅकेडी नावाचा इंजिनिअर वेगवेगळी तीन-तीन यंत्रं वाहून कंटाळला आणि त्याने अँपिअर, व्होल्ट, ओहम एकाच पेटीत बसवले, त्यांच्या आद्याक्षरांचं ते नाव.

एक राहिलं. मुलगा हौसेने जुना चार्जर किंवा टीव्हीचा सप्लाय उघडेल, आठवीतली पोरं उघडतातच. त्यात प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी टिकून राहू शकतात. २३० ला १.४१४ ने गुणलं की तेवढे होतात. तो हात घालण्याआधी मीटर डीसीच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर ठेवून स्वतः बघा. ओहम किंवा बझर वापरायचा तोही सर्किटचा सप्लाय तोडूनच. चालू सर्किटवर ओहमची रेंज लावली तर आकडा तर खोटा येतोच, मीटरही जातो.

नव्या मीटरच्या १० अँपिअरच्या भोकावर घरी आल्या आल्या लाल इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा. पिवळ्याच्याही. पिवळ्याच्या त्या भोकाला फ्यूजच नसतो, तसं तिथे बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. करंट मोजायचा तेव्हा टेप सोलायची, मोजून झालं की लाल पिन आधी परत जागेवर, मग टेप, मग चहा. माझ्या दोन्ही मीटरांवर अशी टेप आहे. दुकान बंद करून घरी आणलेल्या टेबलावर तो काळा डागही आहे. नातवंडं विचारतात, आजोबा, इथे उदबत्ती लावली होती का?

— काका